सांधा खाली

तिच्या नाकावर राग असतो हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तिला स्वतःलाही. बाबा तिला ठिणगी म्हणायचे आणि तिच्या थोरल्या भावाला ओलं लाकूड. "एक ठिणगी आणि एक ओलं लाकूड," ते आल्यागेल्याला हसत सांगायचे, "माझं घर काही पेटायचं नाही." पुढे बाबा गेले, दाराच्या फटी बंद करणारी फोमची गास्केटं बनवायचं त्यांचं वर्कशॉप दोघा भावंडांकडे आलं आणि नावंही तशीच चिकटून राहिली. आखणी ठिणगीची, कापणं आणि चिकटवणं दादाचं.

पण त्या आठवड्यात तिला राग यायला कारणही तसंच होतं. तिचा नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपघरावर वायरमन. दोनतीन दिवस पाऊस कोसळत होता. पंप बंद पडला म्हणून हा माणूस भिंतीवरच्या पेटीकडे गेला, खटका वर केला आणि आतून जाळ आला. उजवा पंजा भाजला, भुवया जळाल्या, डोळे वाचले ते नशीब. दवाखान्यात त्याचे साहेब आले. हात कसा आहे म्हणून विचारावं की नाही माणसानं? ते खाटेच्या पायाशी उभे राहून म्हणाले, "दार नीट लावलं नव्हतंस तू. पाणी आत गेलं ते त्यामुळंच. सोमवारी चौकशी आहे, नोकरीचं काय करायचं ते मग बघू."

"मी दार लावलं होतं," नवरा म्हणाला. "सगळ्या खिट्ट्या फिरवल्या होत्या."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्यात दोष काही कमी नव्हते, ते मोजायला ती एकटी पुरेशी होती. पण हा माणूस घराबाहेर पडला की दाराचा कोयंडा दोनदा ओढून बघायचा आणि जिन्यावरून परत येऊन तिसऱ्यांदा. तो दार उघडं टाकेल? सूर्य पश्चिमेला उगवला म्हणा, ती ऐकून घेईल.

आणि ती पेटी काही परकी नव्हती. त्या पेटीच्या दाराचं गास्केट तिनंच आखलं होतं.

लोकांना वाटतं, दाराला फोमची पट्टी लावायची त्यात काय अक्कल लागते. तिला हे वाक्य कोणी ऐकवलं की ती त्याला खुर्चीत बसवून घ्यायची आणि सुट्टी द्यायची नाही. फोम कुठला घ्यायचा इथून सुरुवात. स्पंजासारखा पाणी पिणारा फोम पावसात काय कामाचा? मग क्लोज सेल घ्यायचा, म्हणजे ज्याची छिद्रं एकमेकांत उघडत नाहीत आणि पाणी पुढे सरकत नाही असा. पंपघराशेजारी क्लोरीनची खोली, त्यामुळे क्लोरीननं आणि उन्हानं चिरा पडणार नाहीत असं रबर पाहिजे. जाडी अशी, की दार लावल्यावर फोम साधारण तिसऱ्या हिश्शानं दबेल. कमी दबला तर पाणी आत, फार दबला तर वर्षभरात पापडासारखा चपटा होऊन बसतो आणि मग पुन्हा उठत नाही. बिजागरीच्या बाजूला दार आधी दाबतं, खिट्टीच्या बाजूला उशिरा, त्याचा हिशेब वेगळा. एवढं सगळं जमवून झालं तरी सांध्याचा प्रश्न राहतोच.

मोठ्या दाराएवढी चौकट फोमच्या शीटमधून अखंड निघत नाही. पट्टी फिरवून आणावी लागते आणि जिथे दोन टोकं भेटतात तिथे सांधा येतो. कितीही तिरकं कापा, कितीही चांगलं चिकटवा, सांधा तो सांधा. म्हणून बाबांचा नियम होता. वर्कशॉपमध्ये तो कोणी लिहून लावला नव्हता, तरी झाडणाऱ्या बाईलासुद्धा पाठ होता: पाणी वरून येतं, सांधा खाली. खालच्या बाजूच्या बरोबर मध्यावर. कोपऱ्यात नाही, बाजूला नाही आणि वर तर मेलं तरी नाही.

दवाखान्यातून ती तडक पंपघरावर गेली. पुरवठादाराचं माणूस म्हणून तिला आत सोडलं. जळकी पेटी भिंतीवरून उतरवून मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली टाकली होती. दार वेगळं काढून भिंतीला टेकवलं होतं, बाहेरच्या अंगाला नावाची पट्टी सुलटी, आतल्या अंगाला तिचं काळं गास्केट. साहेब तिच्या मागोमाग आले आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

ती उकिडवी बसली आणि तिनं फोमवरून बोट फिरवलं. पेटीची कड जिथे रुतत होती तिथे खोलगट रेघ पडली होती, चारी बाजूंनी सलग आणि सारखी.

"हे बघा साहेब," ती म्हणाली. "दार ढिलं असतं तर ही रेघ कुठेतरी उथळ झाली असती. फोम विसरत नाही. हे दार महिनोन्‌महिने घट्ट लावलेलं होतं आणि शेवटपर्यंत घट्टच होतं. माझ्या नवऱ्यानं दार लावलं होतं."

"बरं," साहेब म्हणाले. "मग पाणी काय हवेतून आलं?"

तिनं वर बघितलं. वरच्या पट्टीच्या मध्यावर सांधा होता. तिथून खाली दाराच्या आतल्या रंगावर क्षारांचा पांढरा ओघळ उतरला होता, जिथे तारांची जोडणी असते तिथपर्यंत. सांधा वर. बाबांच्या वर्कशॉपमधून गेलेल्या दारावर सांधा वर. ती उठून पलीकडे गेली आणि नावाची पट्टी पुन्हा बघून आली. पट्टी सुलटीच होती.

तिच्या कानात गरम वाफ भरल्यासारखं झालं. अशा वेळी शहाणा माणूस तोंडात पाणी धरून बसतो. पण शहाणपण आणि राग एका वेळी तिच्या घरी कधी मुक्कामाला आलेच नव्हते.

"सांधा वर लावलाय," ती म्हणाली. "आमच्या वर्कशॉपची चूक आहे. माझ्या भावानं लावलाय हा. ह्यांचा काही दोष नाही."

साहेबांनी हाताची घडी सोडली. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला, दुखरी दाढ उपटल्यावर होतो तसा. "हे तुम्ही सोमवारी सांगाल ना?"

"सांगेन म्हणजे काय, ठणकावून सांगेन."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण त्या क्षणी तिला ते न्याय केल्यासारखं वाटत होतं.

दादा वर्कशॉपमध्ये लांब टेबलापाशी उभा राहून पट्टीच्या टोकाला गोंद लावत होता. वहिनी कोपऱ्यात शीट गुंडाळत होती. ठिणगी आत शिरली ती बोलतच.

"कुठे असतं तुझं लक्ष? पंपघराच्या दाराला सांधा वर लावलायस. वर. ह्यांचा हात गेला असता, डोळे गेले असते. जीव गेला असता तर काय फोमची पट्टी देणार होतास मला?"

दादानं ब्रश खाली ठेवला. "वर? नाही ग. मी वर कसा लावेन?"

"मी बघून आले. ह्या डोळ्यांनी बघून आले. सांध्यातून ओघळ उतरलाय."

"तू बघितलंस?"

"मग काय गावगप्पा सांगतेय? मी तेव्हाच म्हणत होते, शीट मागवू, दोन तुकड्यांत पक्की चौकट करू. तू म्हणालास पट्टी पुरे. पट्टी तर पट्टी, निदान ती तरी सुलटी लाव. तेवढंही जमत नाही? बाबांनी तुला आयुष्यात एकच गोष्ट शिकवली, तीही तुझ्या डोक्यात राहिली नाही."

"अहो, जरा दमानं घ्या," वहिनी म्हणाली.

"तुम्ही मध्ये पडू नका वहिनी. बाबा गेले ते बरंच झालं. हे काम बघून ते दुसऱ्यांदा गेले असते."

ब्रशच्या टोकावरचा गोंद टेबलावर ओघळत होता आणि दादा त्याच्याकडे बघत होता. एरवी तो इतकं तरी म्हणायचा, "झालं तुझं? पाणी पी." आज तो तेही म्हणाला नाही. त्यानं विचारलं, "नक्की वर होता?"

"नक्की."

"तू म्हणतेस म्हणजे असेल," दादा म्हणाला आणि हात पुसायला लागला.

दुसऱ्या दिवशी दादा वर्कशॉपमध्ये आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. वहिनीला विचारलं तर ती नुसतं "बाहेर गेलेत" म्हणाली आणि पाठ फिरवून कामाला लागली. ठिणगीनं मनाशी म्हटलं, बसलाय कुठेतरी तोंड लपवून. चूक स्वतःची आणि रुसवा आमच्यावर, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

पंपघराला नवीन गास्केट तातडीनं हवं होतं. गाव टँकरच्या पाण्यावर होतं आणि दाराची चौकट शाबूत होती, म्हणून तेच दार नव्या पेटीवर चढवायचं ठरलं होतं. ह्या खेपेला तिनं कोणाचं ऐकलं नाही. रुंद शीट मिळवली, कागदावर चौकट दोन मोठ्या तुकड्यांत बसवली, दोन्ही सांधे खालच्या बाजूला ठेवले, टोकं एकमेकांत अडकतील अशा खाचा काढल्या, गोंदावर भिस्त नको. एरवी असं काही नवीन जमलं की ती दादाला हाक मारायची आणि तो चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ बघायचा, मग म्हणायचा, "बरं आहे." त्या 'बरं आहे'साठी ती दोनदोन दिवस राबायची. आज टेबलापाशी कोणी नव्हतं. तिला त्याचाही रागच आला.

कापण्याआधी दारावर साचा लावून बघायचा असतो. जुना पुठ्ठ्याचा साचा तिच्याकडे होता, तिनंच आखलेला, वर बाण, एका उभ्या बाजूला खिट्ट्यांच्या दांड्यांसाठी खाचा. रविवारी सकाळी ती तो काखेत मारून पुन्हा पंपघराच्या अंगणात गेली. साहेब नव्हते. छपराखाली एक मांजर पेटीत झोपलं होतं.

तिनं साचा दाराच्या आतल्या अंगाला टेकवला, बाण वर करून. बसेना. खिट्ट्यांच्या खाचा बिजागऱ्यांवर आल्या. तिला वाटलं आपणच वेंधळ्यासारखा उलट्या अंगानं धरला. पालथा करून लावला, तरी एक खाच वर आणि खिट्टी भलतीकडेच. तिनं पुठ्ठ्याला एक शिवी दिली. दिवस ओला होता, पुठ्ठा फुगला असेल असंही तिनं स्वतःला सांगून बघितलं. मग केवळ वैतागून तिनं साचा पुन्हा सुलटा केला आणि गोल फिरवला, बाण जमिनीकडे.

साचा असा बसला की बोट सरकवायला जागा उरली नाही.

बाण खाली होता आणि सांधा वर होता. बाण वर असता तर सांधा खाली आला असता, बरोबर मध्यावर, दादाच्या हातचा. दादानं सांधा जिथे लावायचा तिथेच लावला होता. पेटीच भिंतीवर उलटी टांगली होती.

पण मग नावाची पट्टी? ती वाकून दाराच्या बाहेरच्या अंगाला गेली. पट्टी वरच्या भागात होती, अक्षरं सुलटी. तिनं दाराच्या खालच्या भागावरून तळवा फिरवला. करडा रंग, गुळगुळीत. पुन्हा फिरवला, नखांनी. तिथे रिवेटची जुनी भोकं होती, लांबी भरून, घासून, वरून रंगाचा हात मारून बंद केलेली. नख लावल्याशिवाय कळली नसती.

इतकं निगुतीचं काम पाणीपुरवठ्यात करतो कोण? तिला ते काम ओळखू आलं. तिच्या घरातल्या भिंतींवर जिथे जिथे खिळा काढला होता, तिथलं भोक अगदी असंच बुजवलेलं होतं. नवीन भाडेकरूलाही सापडणार नाही, असं म्हणत तिचा नवरा दरवेळी मागे सरकून मान वाकडी करून ते बघायचा.

ती घरी आली तेव्हा तो खिडकीशी बसला होता, हात उशीवर ठेवून. सकाळी तिनंच त्याच्या शर्टाची बटणं लावून दिली होती.

"पेटी कोणी फिरवली?" तिनं विचारलं.

भुवया नसलेल्या चेहऱ्यावर काही लपत नाही.

"अहो, मी विचारतेय. पेटी कोणी उलटी लावली?"

"मी," तो म्हणाला. "केबल वरून आली होती. पेटीची भोकं खाली. खालून घ्यायची तर भिंत फोडावी लागली असती आणि साहेबांना त्याच दिवशी पंप चालू करून हवा होता. ते म्हणाले, फिरव पेटी, चौकोनाला कसलं आलंय वर-खाली. मी फिरवली. भोकं अशी बंद केली होती की थेंब जायचा नाही. बघ तू, तिथून गेलेला नाही थेंब."

"भोकातून नाही गेला. सांध्यातून गेला."

"सांध्याचं माझ्या लक्षात नाही आलं."

"लक्षात नाही आलं? इतकी वर्षं जेवताना काय ऐकताय तुम्ही? सांधा खाली, सांधा खाली म्हणून माझं तोंड दुखलं. मी बोलते तेव्हा कान कुठे गहाण ठेवता?"

"फोमचं सुरू झालं की मी ऐकत नाही," तो खरं ते बोलला. "सगळ्यांनाच माहीत आहे ते."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती ह्यावर हसली असती. "बरं, नाही आलं लक्षात. जाळ झाला तेव्हा तरी आलं ना? मी अंगणातून आले, दादाला बोलून आले, ते तुम्हाला घडाघडा सांगितलं. तेव्हा तुम्ही दवाखान्यात खाटेवर बसून ऐकत होतात. तेव्हा का नाही बोललात?"

"साहेब तुझ्या आधीच येऊन सांगून गेले होते, गास्केटवर गेलं तर जाऊ दे. आपण दोघं सुटतो."

"आणि दादा?"

"दादाचं काय जातं?" तो म्हणाला. "नवीन गास्केट द्यायचं, चूक झाली म्हणायचं, संपलं. घरचंच वर्कशॉप आहे. माझी नोकरी गेली तर परत मिळायची आहे का? आणि तू विचारलंस कुठे मला? तू तर आधीच सगळं जाहीर करून आली होतीस. साहेबांनाही तूच सांगितलंस. मी फक्त गप्प बसलो."

हे शेवटचं खरं होतं आणि म्हणूनच तिला ते सहन झालं नाही. तिनं हातातला साचा मोडून त्याचे दोन तुकडे केले. मग ती बराच वेळ बोलत राहिली. नवऱ्याला बोलली, साहेबांना बोलली, साहेबांच्या चौकोनी टाळक्याला बोलली, आणि हे सगळं बोलताना आपण स्वतःला वगळतोय हेही तिला कळत होतं. तुम्ही मला माझ्याच भावाच्या अंगावर सोडलंत, ती म्हणाली. मी गेले, कारण मला जायचंच असतं कुणाच्यातरी अंगावर. पण तुम्हाला ते माहीत होतं.



"उद्या तुम्ही बोलायचं," ती म्हणाली. "नाहीतर मी बोलेन. मी बोलले तर नुसतं खरं बोलून थांबणार नाही, तुम्ही मला ओळखता."

सोमवारी चौकशीच्या खोलीत मोठे साहेब, रोजचे साहेब, हे दोघं नवराबायको आणि करकरणारा पंखा. रोजच्या साहेबांनी तिच्याकडे बघून मान हलवली, काय ते सांगा ह्या अर्थानं. ती बोलली नाही. तिच्या आयुष्यात ती गप्प बसली असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजावेत, हा त्यातला एक. नवरा उठला.

"पेटी मी फिरवली," तो म्हणाला. "साहेबांनी सांगितलं म्हणून फिरवली, पण हात माझा. नावाची पट्टीही मीच काढून सुलटी लावली. गास्केट बरोबर होतं."

"मी असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही," रोजचे साहेब म्हणाले.

अर्थातच आठवत नव्हतं. तिनं मग साचा टेबलावर ठेवला, मधे चिकटपट्टी मारून जोडलेला, आणि दार मागवून घ्यायला लावलं आणि मोठ्या साहेबांना स्वतःच्या हातानं तो लावून बघायला लावला. ते काही फार बोलले नाहीत. निर्णय होईपर्यंत वायरमननं कामावर यायचं नाही, साहेबांचं नंतर बघू, असं ठरलं. साहेबांचं नेहमी नंतरच बघतात. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "झालं तुझं समाधान?" आणि ती म्हणाली, "नाही." पण बस आली तेव्हा तिनं त्याचा चांगला हात धरून त्याला वर चढवलं, आणि स्वतः खाली राहिली.

"मी दादाकडे जाऊन येते."

वर्कशॉपमध्ये वहिनी एकटी होती. ठिणगीनं सगळं सांगितलं, दारातच उभी राहून. वहिनीनं ऐकून घेतलं. तिचा चेहरा काही मऊ झाला नाही.

"म्हणजे ते बरोबर होते," ती म्हणाली.

"हो."

"मग जा आणि त्यांना गाठा. कारण ते तीन दिवस दारं उघडत फिरतायत."

"कसली दारं?"

"आपण गास्केट दिलेली. जेवढी जवळपास आहेत तेवढी सगळी. तुम्ही गेलात आणि ते म्हणाले, ती चुकायची नाही, माझा हात चुकला असेल, एक चुकलं तर आणखीही चुकली असतील. कुणाचा जीव जायला नको. मी म्हटलं आधी पंपघराची पेटी तरी नीट बघून या. तर म्हणाले, तिनं बघितलीय ना." वहिनीनं शीटची गुंडाळी भिंतीला लावली. "आज दूध डेअरीवर गेलेत."

डेअरीच्या मागच्या अंगणात बॉयलरच्या पेटीचं दार उघडं होतं आणि दादा त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला होता, खडूचा तुकडा हातात घेऊन. पेटीच्या कडेला खडू घासायचा, दार लावायचं, उघडायचं, काळ्या फोमवर पांढरी रेघ अखंड उठते का बघायचं, हीही बाबांचीच पद्धत. डेअरीचा मॅनेजर बाजूला उभा होता.

"काय आहे," दादा त्याला सांगत होता, "एका ठिकाणी माझ्याकडून चूक झालीय. सांधा वर लागला. म्हणून सगळी तपासून घेतोय. तुमचं ठीक आहे. पण पुढचं काम दुसऱ्या कुणाला द्यायचं असलं तर मी वाईट वाटून घेणार नाही."

"हो, तसं बघतोच आहोत आम्ही," मॅनेजर म्हणाला आणि आत निघून गेला.

दादानं मागे वळून बघितलं. त्याच्या गुडघ्यांना चिखल लागला होता आणि डोळे ओढल्यासारखे दिसत होते. "हाही खालीच निघाला ग," तो म्हणाला. "सगळे खालीच निघतायत. मला कळतच नाही तो एक वर कसा लागला. मी रात्री आठवत बसतो, त्या दिवशी माझ्या मनात काय होतं. काहीच आठवत नाही."

तिला वाटलं आत्ता आपल्या थोबाडीत कोणीतरी मारावी.

"दादा, पेटी उलटी होती," ती म्हणाली. "ह्यांनी फिरवली होती. तुझा सांधा खालीच होता. मी नीट बघितलं नाही."

दादा उठला नाही. त्यानं खडू खिशात ठेवला, मग बाहेर काढला, मग त्याच्याकडे बघत बसला. तिनं वाट बघितली. तो आता म्हणेल, झालं तुझं, पाणी पी.

"तू मला म्हणालीस, बाबा गेले ते बरं झालं," दादा म्हणाला.

"हो."

"त्याचं मला काही नाही. तू बोलतेस, मी ऐकतो, बाबांपासून तसंच चाललंय." त्याचा आवाज चढायला लागला. त्याचा चढलेला आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. "पण मी तुझ्यावर विश्वास ठेवला ना. माझ्या हातावर ठेवला नाही, तुझ्या डोळ्यावर ठेवला. तीन दिवस लोकांच्या दारांत जाऊन म्हणतोय, माझा हात चुकला. बेकरीत म्हणालो, छापखान्यात म्हणालो, त्या बर्फाच्या कारखान्यातल्या म्हाताऱ्यासमोर म्हणालो, त्याला बाबांनी पहिलं गास्केट दिलं होतं. तो म्हणाला, तुझ्या बापाच्या वेळी असं होत नव्हतं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आता हे परत कोण घेणार? मी घेऊ? कोण ठेवेल माझ्यावर विश्वास, आज चुकला म्हणतो आणि उद्या नाही चुकला म्हणतो?"

"मी घेते," ती म्हणाली.

"मग जा," दादा ओरडला. अंगणाच्या टोकाला कॅन धुणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. "उभी काय राहिलीस? जा आणि सांग. जितक्या जोरात मला बोललीस तितक्याच जोरात सांग."

ओलं लाकूड पेटलं होतं, आणि ते पेटवणारी तीच होती. तिनं दादाच्या हातातला खडू घेतला, पदराला हात पुसले आणि मॅनेजरच्या खोलीकडे निघाली. दार लोटून ती आत गेली तेव्हा तो फोनवर कुणाशी तरी बोलत होता. थांबा, असा त्यानं हात केला.

ती थांबली नाही.

"फोन ठेवा," ती म्हणाली. "मघाशी तो माणूस तुम्हाला खोटं सांगून गेला. माझ्या भावाचा हात कधी चुकलेला नाही. तोंड माझं चुकलं."